नवरी म्हणजे रिकामी

तो बायस्कोप मी चौदा वेळा पाहिला. हौसेनं म्हणाल, तर सुरुवातीला एकदाही नाही. पहिले चार-पाच खेळ सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पाहिले, पुढचे दोन-तीन घरात बसून तरी काय करणार म्हणून, आणि त्यानंतरचे का पाहिले ते सांगायलाच हा सगळा खटाटोप. आता माझेही गुडघे गेलेत. लिहायला बसले की पाठ भरून येते, म्हणून थोडक्यात आटपणार आहे.

किहीम आणि मांडव्याच्या मध्ये आमचं गाव. आषाढ लागला की मांडव्याची आगबोट बंद, मचवे वर ओढून त्यांच्यावर झापं घातलेली, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबई आम्हांला मेली आणि आम्ही मुंबईला. बोलपट यायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. ज्येष्ठ संपता संपता एक बायस्कोपवाला आमच्याकडे उतरला. चार दिवस खेळ करून परत जायचा त्याचा बेत होता. पण उतरतानाच मचव्यातून सामान काढणाऱ्याचा पाय घसरला आणि त्याची पेटी पाण्यात गेली. पेटीत एकाच सिनेमाचे सहा पत्र्याचे डबे. पाच वाचले. तिसऱ्याचं झाकण उघडून आत खारं पाणी शिरलं. बिचाऱ्यानं आतली फिल्मची पट्टी काढून पडवीत वाळत घातली, तर चित्रं सुटून नुसता चिकट गोळा हाताला आला. तो हळहळत बसला तेवढ्यात समुद्र फिरला आणि बोट बंद झाली. पेण-पनवेलच्या चिखलातून बैलगाडीत यंत्र घालून जायची त्याची छाती होईना. मग तो राहिला, आणि त्याच्याबरोबर तो पाच डब्यांचा बायस्कोपही राहिला.

गावात एक गुजराती शेठ होते, नारळ-सुपारीचे व्यापारी. पावसाळ्यात त्यांची वखार रिकामी असायची. ती त्यांनी बायस्कोपवाल्याला दिली. झरोक्यांना गोणपाटं ठोकली, एका भिंतीला चुना फासला, आणि बुधवारी नि रविवारी दुपारी खेळ सुरू झाले. गोणपाटाच्याच पडद्याआड डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. आमचे हे त्या वखारीवर कारकून, म्हणून आम्हा घरच्यांना मोकळी वाट होती. सासूबाईंना बायस्कोप पाहायचाच होता, आणि त्यांना धरून नेणारी, पाट घेऊन जाणारी, परत आणणारी कुणीतरी हवी होती. ती मी. सकाळपासूनच्या ओल्या लाकडांच्या धुरानं माझे डोळे चुरचुरत असायचे. अंधारात बसायला मिळतंय एवढंच मला पुरे होतं.

सिनेमा होता गमतीचा, प्रेमाचा. मुंबईचा एक श्रीमंत तरुण, न पाहिलेल्या मुलीशी लग्न ठरवलं म्हणून घरातून पळतो आणि एका वाडीवर माळी होऊन राहतो. तिथं पाणी भरणाऱ्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो. ती निघते तीच मुलगी, तीही त्याच लग्नाला भिऊन पळालेली. दुसऱ्या डब्याच्या शेवटी दोघं झोपाळ्यावर बसून हसत असतात. चौथा डबा सुरू होतो तेव्हा ती हातात पत्र घेऊन ढसाढसा रडत असते आणि तो एका तबेल्यात गवतावर पडलेला असतो, मिशी काढून. मध्ये काय झालं, पत्र कुणाचं, मिशी कुठं गेली, हे सगळं तिसऱ्या डब्यात होतं आणि तो डबा समुद्राला गेला होता.

बाकीच्या पाच डब्यांतही आनंदच होता. नायिका कुणीतरी घाऱ्या डोळ्यांची, नऊवारी नेसवलेली. तिचा काष्टा दर दोन मिनिटांनी सुटायला यायचा आणि ती तो एका हातानं धरून प्रेम करायची. दुसऱ्या डब्यात एक कुत्रा मरतो, त्याला पुरतात, आणि सहाव्या डब्यात तोच कुत्रा लग्नाच्या मांडवात शेपटी हलवत बसलेला. आणि ते झाड! नायक तिच्यासाठी शहाळं काढायला माडावर चढतो, असं दाखवलं होतं. चढतो तो ताडावर. आमच्या गावात, माड-ताडांवर जन्म काढलेल्या भंडाऱ्यांच्या डोळ्यांदेखत! पहिल्याच खेळाला पुरुषांच्या बाजूनं आरडाओरडा झाला, "आरं तो ताड हाय! उतर खाली!" वर जाऊन तो ताडावरून शहाळं तोडतो तेव्हा तर एक म्हातारा उठून निघूनच गेला. त्यातून वाजवायला पेटी होती भजनी मंडळाच्या पेटीवाल्याची. त्याला भजनांखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे झोपाळ्यावरचं सगळं प्रेम अभंगाच्या चालीवर चालायचं. मी मनात म्हटलं, ह्यापेक्षा घरी डाळ निवडत बसलेली बरी.

मध्ये मध्ये पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं यायची, गुजरातीत. बायस्कोपवाला ती मोठ्यानं मराठीत वाचून दाखवी. त्याला गुजराती बेताचंच येत होतं, पण कळशी घेतलेल्या नायिकेला नायक झोपाळ्यावर बोलावतो आणि ती मान उडवून काहीतरी म्हणते, तिथवर त्यानं कसंबसं निभावलं. मग पाटी आली, "हुं नवरी नथी." त्यानं ठणकावून वाचलं, "मी नवरी नाही!"

वखारीत कुजबुज सुरू झाली. नवरी नाही म्हणजे काय? "मंग काय, लगीन झालाय व्हय तिचा?" कुणीतरी विचारलं. बायकांच्या बाजूनं एक कोळीण म्हणाली, "इधवा हाय गो ती, पोर बिचारी." आणि नेमका पडद्यावरचा नायक खदाखदा हसायला लागला. विधवेला हसतो म्हणून लोक इतके खवळले की कुणी भिंतीवर चप्पल मारली. पुढं खुर्चीत बसलेले शेठ मात्र हसून हसून लाल झाले होते. त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग ते उभे राहून ओरडले, "अरे भाई, नवरी एटले नवरी नाय! नवरी एटले रिकामी! फुरसदवाळी! ती बोलते का मला टायम नाय, काम हाय!"

गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा आणि नवरी म्हणजे रिकामी. मुलगी एवढंच म्हणत होती, की मला पाणी भरायचंय, मला सवड नाही. दुसऱ्या खेळापासून शेठनी वाचायचं काम आमच्या ह्यांना सांगितलं. कागदपत्रं सगळी गुजरातीत, म्हणून ह्यांना ती लिपी नि भाषा हातची होती. गावात मात्र तो शब्द राहिलाच. विहिरीवर बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "नवरी हायस का गो?" आणि उत्तर यायचं, "कुठली नवरी, धुणं पडलंय."

आता माझं घरातलं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासूबाईंनी पोयनाडची एक मुलगी ह्यांच्यासाठी पाहून ठेवली होती. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. मी तिथंच राहायचं होतं, दोघींची भांडी घासत. मुलीचा मामा मुंबईला होता, त्याच्या शब्दावर सगळं. बोट सुरू झाली की तो येणार आणि ह्यांच्या तोंडून होकार घेऊन जाणार, असं ठरलं होतं. ह्यांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. माझ्याशी तर ते तसंही फार बोलत नसत. पाणी दे, छत्री कुठाय, आज उशीर होईल. मीही विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं, ही भीती होती. उरणला माहेरी भाऊ-भावजय, त्यांचीच तोंडं सहा. मी इतकी दमले होते त्या सगळ्यानं, की कधी कधी वाटायचं, येऊ दे बाई एकदाची, निदान विहिरीवर जायला दुसरी होईल.

तर अशी मी, आणि ती माझी सासू, एका पाटावर मांडीला मांडी लावून अंधारात बसायचो. गंमत पाहा, माझ्यावर सवत आणायला निघालेली ही बाई बायस्कोपच्या इतकी नादी लागली की बुधवारची वाट मंगळवारपासून पाहायची. तिला हसू आवरायचं नाही. हसताना ती माझा दंड धरायची. त्या ताडाच्या वेळी तर नखं रुतायची. मला तिचा राग येत होता आणि तो हात सोडवावासाही वाटत नव्हता.

आणि गोणपाटापलीकडून ह्यांचा आवाज यायचा. घरात चार शब्द बोलणारा माणूस तिथं नायक व्हायचा, नायिका व्हायचा, नायिकेचा बाप व्हायचा. पाटीवर असेल तेवढंच वाचतील असं मला वाटलं होतं, पण पाटी गेल्यावरही त्यांचं बोलणं चालू असायचं. पडद्यावरच्या माणसांचे ओठ हलले की हे त्यांच्या तोंडी काहीबाही घालायचे. लोकांना ते फार आवडलं. मला वाटलं, असेल शेठची हौस.

सहाव्या की सातव्या खेळाला नायक म्हणाला, "आण ती कळशी इकडं, पाणी मी ओढतो." नायिकेनं मान हलवली, आणि हे बाईच्या आवाजात म्हणाले, "राहू द्या. मी आहेच."

लोक हसले. मी मात्र गोणपाटाकडे वळले. ते वाक्य माझं होतं. घरात कुठलंही काम अंगावर आलं की मी तेच म्हणायची, चुलीपुढून, विहिरीवरून, कोठीच्या खोलीतून: राहू द्या, मी आहेच. त्यातला तो शेवटी टाकलेला सुस्काराही ह्यांनी टाकला होता. सात वर्षं मी धरून चालले होते की ह्या घरात माझं बोलणं भिंतींनाच काय ते ऐकू जातं. सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांनाही ओळखू आलं असणार. 

त्यानंतर मी नीट ऐकायला लागले. कधी नायिका म्हणायची, "मीठ जास्त झालं का?" कधी म्हणायची, "पावसाचं बघून जावा." सगळी माझी जुनी, वापरून झिजलेली बोलणी, त्या घाऱ्या डोळ्यांच्या बाईच्या तोंडी. ऐकता ऐकता मला ती बाई आवडायला लागली, तिचा सुटणारा काष्टाही आवडायला लागला. माझा काष्टा कधी तसा सुटला नव्हता, पण त्यामागची दमणूक मला ओळखू येत होती. तो मेलेला कुत्रा पहिल्यांदा मांडवात दिसला तेव्हा मी म्हटलं होतं, काय मेल्यांनी लक्ष दिलंय! आठव्या वेळी तो दिसला आणि मला चक्क बरं वाटलं. आहे बाबा, जिवंत आहे. ताडावरच्या शहाळ्याची आता सगळं गाव वाट पाहायचं. तो पहिल्या खेळाला निघून गेलेला म्हातारा भंडारी दर रविवारी पुढं बसून नायकाला सांगायचा, "पाय आवळ, पाय आवळ, आता धर!" चांगला म्हणावा असा तो सिनेमा कधीच नव्हता. पण आमच्याकडे तो एकच होता. चुका पाठ झाल्यावर त्या आपल्याच वाटायला लागतात.

राहिलं ते पत्र. चौथ्या डब्याच्या सुरुवातीला नायिका जे वाचून रडते, त्यात काय लिहिलंय हे लोक दरवेळी विचारायचे आणि हे दरवेळी निराळं सांगायचे. एकदा तिची आत्या आजारी होती. एकदा नायकाला विलायतेला पाठवणार होते. एकदा मिशी नसलेल्याशी मी लग्न करणार नाही, असं तिनंच आधी कळवलं होतं आणि हे त्याचं उत्तर होतं. त्या दिवशी लोक लोळले. मला त्या पत्रापाशी मात्र हसू यायचं नाही. आमचीही पहिली दोन वर्षं हसतखेळत गेली होती. मग कधीतरी हे गप्प झाले, मी गप्प झाले. मध्ये काय झालं असं कुणी विचारलं असतं, तर मलाही सांगता आलं नसतं.

श्रावणातल्या एका बुधवारी सकाळी, पेणच्या वाटेनं येणाऱ्या टपालातून, मामाचं कार्ड आलं. पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीनं येतो. सासूबाईंनी ते ह्यांच्याकडून वाचून घेतलं, दोनदा. मी पलीकडे पीठ चाळत होते. हे कार्ड फळीवर ठेवून वखारीवर निघून गेले. दुपारी आम्ही दोघी नेहमीसारख्या खेळाला जाऊन बसलो. दुसरा डबा झाला, झोपाळा झाला, आणि ती पत्र घेऊन रडायला लागली. ह्यांचा आवाज आला नाही. नुसतं यंत्र कडकडत होतं. पेटीवालाही थांबला. लोक ओरडायला लागले, "सांगा की राव!" आणि माझ्या शेजारून सासूबाईंनी गोणपाट हातानं सारून हाक दिली, "अरे सांग ना, काय लिहिलंय त्यात?"

थोड्या वेळानं हे म्हणाले, "लिहिणाऱ्यालाच अजून ठाऊक नाही."

सासूबाईंनी हात मागे घेतला. त्यानंतर शेवटपर्यंत त्या हसल्या नाहीत. ताड तर आधीच होऊन गेला होता.

मी वेडी, शेवटच्या खेळाची वाट पाहत राहिले. वाटलं, त्या दिवशी हे पत्रात काहीतरी घालतील, मला कळेल असं. मला मग कुणाला काही विचारावं लागणार नाही. शेवटच्या खेळाला अख्खं गाव लोटलं होतं. नायिका रडायला लागली, आणि हे म्हणाले, "आत्या आजारी आहे." जुनंच. लोक हसले. घरी येताना सासूबाईंना धरून चालत होते, पण खरं सांगते, त्यांनीच मला धरलं होतं.

पौर्णिमेला लोकांनी समुद्राला नारळ दिला. पुढं तीन-चार दिवसांनी बोट आली. तिच्यातून मामा उतरला आणि परतीच्या फेरीला बायस्कोपवाला आपली पेटी घेऊन चढणार होता. मामा म्हणजे काळा कोट, टोपी, वागणं सभ्य. पडवीत बसला. मी पोहे दिले, चहा दिला आणि मागल्या दारी भांडी घेऊन बसले. तिथून पडवीतलं सगळं ऐकू येत होतं. ऐकायचं नव्हतं, पण जाणार कुठं?

मामा म्हणाला, "बाकीचं आईंनी कळवलंच आहे. तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की झालं."

सासूबाई म्हणाल्या, "बोल ना रे. पाहुणे एवढ्या लांबून आलेत."

मग ह्यांनी विचारलं, "मामा, तुम्हांला गुजराती येतं?"

"कापडाच्या पेढीवर आहे मी. न येऊन चालेल कसं?"

"मग सोपं झालं," हे म्हणाले. "मी नवरा आहे. नवरो नाही."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आणि मग सासूबाईंना हसू फुटलं. त्यांना ते नको होतं, पदर तोंडात कोंबल्याचा आवाज मला ऐकू आला, पण चौदा खेळांची सवय, ते हसू त्यांना आवरेना. हसता हसता त्या रडायला लागल्या. मामानं टोपी घातली. जाताना तो म्हणाला, "हे कार्डावर कळवलं असतंत तरी चाललं असतं." पण रागानं नाही म्हणाला.

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस विहिरीवरून आल्या आणि म्हणाल्या, "तो कुत्रा मेला कसा गं, ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही." मी सांगितलं. मूल मला पुढंही झालं नाही. त्याचं दुःख सगळ्यांनाच झालं, ह्यांनाही, आणि त्यावरून घरात पुढं बोलाचाली झाल्या, त्या काही गमतीच्या नव्हत्या. बायस्कोपवाला पुन्हा आला नाही. पुढं बोलपट आले, चांगले चांगले पाहिले, एकही दुसऱ्यांदा पाहावासा वाटला नाही. एकदा मुंबईहून आलेलं कुणी सांगत होतं की तो सिनेमा त्यांनी पुरा पाहिलाय, तिसऱ्या डब्यासकट, सांगू का पत्रात काय होतं? मी म्हटलं, नको.

त्या दुपारी मामा गेल्यावर हे मागल्या दारी आले. मी मान वर केली नाही, हात राखेनं भरलेले, नाक पुसायचीही सोय नव्हती. ते दारात उभे राहिले. मग म्हणाले, "नवरी आहेस का गं?"

मी म्हटलं, "नाही. भांडी पडलीत अजून."

ते पायरीवर बसले आणि थांबले.